काकांचं इंजिन

परवा गल्लीतल्या गॅरेजवरून जाताना तापलेल्या इंजिन ऑइलचा वास आला आणि तळमजल्यावरचे काका आठवले. बोरिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्हा दोघांकडेही एकाच मॉडेलच्या छोट्या गाड्या होत्या. माझी कायम गॅरेजात, त्यांची कायम कव्हराखाली. दर रविवारी नुसती चालू करायचे, पुसायचे, पुन्हा झाकायचे. एकदा आई समोरच्या मासळी बाजारात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. कोळणींनी तिला उचलून गेटपाशी आणलं. मी काकांकडे चावी मागितली, तर तिच्या ओल्या साडीकडे बघून म्हणाले, "सीटला वास लागेल रे. रिक्षा बघ ना." रिक्षात प्रत्येक खड्ड्याला आई पदर चावत होती. ते माझ्या डोक्यात राहिलं. पुढे झाड पडून काकांच्या गाडीचं टप चेपलं, गाडी भंगारात गेली. माझ्या गाडीचं इंजिन जाम झालंच होतं. मी भंगारवाल्याला गाठून काकांचंच इंजिन उचललं. अंधेरीच्या मेकॅनिकने ते साखळीला टांगून माझ्या गाडीत उतरवलं. नव्यासारखं होतं, वापरलंय कुणी! पहिल्याच रविवारी आईला शेजारी बसवलं आणि गेटवर रिक्षाची वाट बघणाऱ्या काकांसमोर मुद्दाम गाडी थांबवली. "आवाज ओळखीचा वाटतो रे." "तुमचंच इंजिन आहे, काका." त्यांचा चेहरा पडला. मग बॉनेटवर हात ठेवून हळूच म्हणाले, "स्टेशनपर्यंत सोड ना." मी तोंड उघडायच्या आत आईने मांडीवरची बोंबलांची पिशवी उचलून दाखवली. "वास लागेल हो तुम्हाला. रिक्षा बघा ना." मी गिअर टाकला. आज आई नाही, गाडीही विकली. पण तो ऑइलचा वास आला की आरशात लहान लहान होत जाणारे काका दिसतात आणि, खोटं कशाला बोलू, अजून बरं वाटतं.