नांद्रुकाचा बैल

आमच्या वखारीत आलेला माणूस आधी भाव विचारतो. किसन हवालदार आले ते सरळ ओंडक्यांच्या रांगेपाशी गेले आणि बोटाच्या पेरांनी एकेका ओंडक्यावर टकटक करत सुटले. टकटक करायची, कान लावायचा, वास घ्यायचा आणि पुढच्याकडे सरकायचं. लिंबाच्या एका ओंडक्यापाशी ते थबकले. कापलेल्या तोंडावरून तळहात फिरवला आणि माझ्याकडे वळून चक्क ओरडले, "ताई, ह्यो कुनी पाडला? चांगला धडधाकट हुता की गडी!"

मी सांगलीची. वडिलांच्या मागे ही वखार मी चालवते. पडलेलं झाड हाच माझा धंदा, त्यामुळे कोणी पोलिसासारखी लाकडाची चौकशी करायला लागलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "मी नाही पाडला. तुम्हाला लाकूड हवंय की पंचनामा करायचाय?" त्यावर हा माणूस इतका मोठ्यानं हसला की करवतीवरचा आमचा मिस्त्री यंत्र थांबवून बघायला लागला. "पंचनामा झाला. मरन नैसर्गिक न्हाई. आता लाकूड द्या, ह्याचा बैल करतो."

हवालदार सातारा जिल्ह्यातले, कोरेगावच्या पुढच्या एका गावचे. फौजेत असताना बर्फाच्या डोंगरांवर दोर लावून चढायला शिकले आणि निवृत्त झाल्यावर तेच दोर त्यांनी झाडांना लावले. वाळलेल्या फांद्या उतरवायच्या, कीड लागलेला भाग काढायचा, फाटलेल्या फांदीला आधार द्यायचा, असं त्यांचं काम. पावसाळ्याच्या तोंडावर महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्यांचे फोनवर फोन यायचे, कारण तिथला पाऊस कुठली फांदी कोणाच्या गाडीवर आणून टाकेल याचा नेम नाही. इतर लोक कोयता घेऊन चढायचे आणि झाडाचा खराटा करून उतरायचे. हवालदार एक फांदी कापण्याआधी तिच्याभोवती दहा फेऱ्या मारायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, दाढी करताय की ऑपरेशन?" तर म्हणाले, "न्हावी आनि डाक्टरात फरक हाय, ताई. न्हाव्याचं चुकलं तर परत उगवतं."

स्वतःविषयी त्यांचं मत फार चांगलं होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नसे. "एमबीबीएस कोन बी हुतंय. पेशंटच्या डोक्यावर चढून तपासनारा डाक्टर सगळ्या जिल्ह्यात एकच हाय," असं ते कोणालाही ऐकवत. पण हाच बढाईखोर माणूस झाडाला हात लावण्याआधी टाचा जुळवून उभा राहायचा आणि खणखणीत आवाजात विचारायचा, "वर येऊ का?" एखादं पान हललं की परवानगी मिळाली. वारा पडलेला असला तर नुसते उभे. महाबळेश्वरच्या एका हॉटेलचा मॅनेजर यामुळे फार चिडला होता म्हणे. मी विचारलं, "आणि पान हललंच नाही तर?"

"तवर चा प्यायचा," हवालदार म्हणाले.

त्यांना चढताना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या वखारीमागच्या शिरीषावर. वादळात त्याची एक भली थोरली फांदी फाटून शेजारच्या घरावर लोंबकळत होती. हवालदारांनी दोर फेकला, पट्टे आवळले आणि हां हां म्हणता वर. मग या फांदीवरून त्या फांदीवर असा काही झोका घेतला की खाली जमलेल्या आम्हा सगळ्यांच्या तोंडून एकदम किंकाळी फुटली. मी तर मिस्त्रीचा दंड गच्च धरला होता. वरून आवाज आला, "ताई, तुमच्या वखारीचा पत्रा गंजलाय! हितनं सगळं दिसतंय!" ती फांदी तुकड्यातुकड्यानं, दोराला बांधून, तान्हं बाळ द्यावं तशी खाली आली. घराचं एक कौलसुद्धा फुटलं नाही. त्या दिवसापासून ते कुठं चढणार असले की मी वखार मिस्त्रीवर सोडून बघायला जायची.

वरकमाई बैलांची. आमच्या भागात आषाढात बेंदूर असतो. त्या दिवशी बैलांना रंगवायचं, ओवाळायचं. आता ट्रॅक्टर आले, पुष्कळ गोठे रिकामे झाले, पण ओवाळायला काही तरी लागतंच. हवालदारांचे लाकडी बैल त्यासाठी सातारा-सांगलीकडचे लोक आधीपासून सांगून ठेवत. एक मान वळवून बघणारा, एक शिंगं रोखलेला, एक नुसताच आळशी. विकतचं लाकूड ते क्वचितच घ्यायचे; एरवी आपण ज्याच्यावर इलाज केला त्या झाडाच्या कापलेल्या फांदीतूनच कोरायचे, आणि त्या फांदीसाठी त्यांचा एक नियम होता. "पेशंट उठून बसल्याबिगार त्याच्या लाकडाला छिन्नी लावायची न्हाई." झाडाला नवी पालवी फुटेपर्यंत ती फांदी माझ्या वखारीच्या कोपऱ्यात पडून राहायची. त्या कोपऱ्याला मी जनरल वॉर्ड म्हणायची. कुठल्या तरी गावाहून त्यांचा फोन यायचा, "ताई, जतच्या लिंबाला डिस्चार्ज!" की आम्ही ते लाकूड बाहेर काढायचो.

एकदा ते आले आणि टकटक न करता खुर्चीवर बसले. मला तेव्हाच कळलं, काही तरी बिनसलंय. त्यांच्या टेंपोत एक वाळकी फांदी होती. नांद्रुकाची. नांद्रुक म्हणजे वडाच्या भावकीतलं झाड. सावलीला राजा, पण लाकूड भुसभुशीत. मी म्हटलं, "हवालदार, याचा बैल? हे सरपणाला पण कोणी नेत नाही."

"ह्ये घरचं हाय, ताई."

त्यांच्या गावात वेशीपाशी एक जुनं नांद्रुक होतं. गाव फौजींचं. सुट्टीवर आलेला आधी त्याच्याखाली टेकायचा, परत निघालेल्याला गाव तिथं निरोप द्यायचं. हवालदार आणि त्यांचे सोबती निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं झाडाला पार बांधला. भर घालून, सिमेंट ओतून, थेट बुंध्याला भिडेपर्यंत चकचकीत फरशी. मुळांना पाणी जायला बोटभर जागा ठेवली नाही. आता झाड शेंड्याकडून वाळत चाललं होतं. वाळक्या फांद्या शाळेच्या वाटेवर पडायला लागल्या, तसं ग्रामपंचायतीत झाड तोडून टाकायचं बोलणं निघालं. "सिमीट मीच कालवलं हुतं, ताई," हवालदार म्हणाले. "झाडातलं काय कळत नव्हतं तवा. लाड करायला गेलो आन गळा आवळला."

"मग फोडा की पार."

"सुभेदारतात्या फोडू देत न्हाईत."

त्या गावात माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. तात्या सुभेदार, हे हवालदार. शिवाय पाराची कल्पना तात्यांची. रोज सकाळी त्या फरशीवर बसून पेपर वाचायचा हा त्यांचा शिरस्ता. "हा उन्हाळा ग्येला तर ग्येलं," हवालदार म्हणाले. "फुडच्या वर्षी समदं झाड तुमच्याच वखारीत येतंय बघा." एरवी मला लाकूड येतंय म्हटल्यावर आनंद होतो. त्या दिवशी झाला नाही. रविवारी मी गाडी काढली आणि त्यांच्या गावाला गेले.

पार फोडायचा की झाड तोडायचं, हे ठरवायला सगळं गाव पाराभोवती जमलं होतं आणि मधोमध, फरशीवर मांडी घालून, सुभेदारतात्या. पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा, हातात काठी. "तूच बांधलास, आता तूच फोडनार व्हय?" ते कडाडले. "खालची पानं हिरवीगार हायत. तुला झाडाचं येड लागलंय किसन!"

हवालदार टाचा जुळवून उभे राहिले. "आवं तात्या, रेकी केल्याबिगार हुकूम देत्यात का कवा? वर चला. सोता बघा. मग तुमी म्हनशीला तसं."

गाव हसलं. तिथंच तात्या अडकले. "मला भित्रा समजलास व्हय रं? बांध दोर!"

तात्यांच्या सूनबाईंनी कपाळाला हात लावला. हवालदारांनी स्वतः चढून कप्पी बांधली, तात्यांना पट्ट्यांत बसवलं आणि प्रत्येक गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. दोराला आम्ही पुष्कळ जण लागलो. त्यात मीही होते. आणि काय सांगू, तो फेटेवाला सुभेदार हातात काठी धरून, मिशीला पीळ देत, पानांतून वर वर जायला लागला तेव्हा पोरं शिट्ट्या मारत होती, बायका "जपून, आवं जपून" करत होत्या आणि मला एकाच वेळी हसू आणि भीती अनावर झाली होती. शेजारच्या फांदीवरून हवालदार त्यांच्याबरोबर सरकत होते. "तात्या, खाली बघू नगा." "गप रं, खालीच तर बघतूय! माझं रान दिसतंय की!"

मग ते शेंड्यापाशी पोचले. कट्, असा आवाज आला. पुन्हा एकदा कट्. आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं, नांद्रुकाचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, हाताला चिकटतो. तात्या डहाळ्या मोडून मोडून बघत होते.

"किसन," वरून हळू आवाज आला, "चीक न्हाई रं."

"न्हाई, तात्या."

 आणि मग झाडावरून अशी डरकाळी फुटली की आमच्या हातातला दोर सुटायचा राहिला. "खाली काय बघतायसा? पहारी आना! फोडा त्यो पार!"

तात्यांना धड उतरवलं नव्हतं तोवर लोक पहारी घेऊन धावले. पहिला घाव हवालदारांनी घातला, दुसरा तात्यांनी. बायकांनी पाट्या भरल्या, पोरांनी साखळी करून फरशीचे तुकडे वाहिले, मीही साडी खोचून घमेली उचलली. फरशीखालची माती राखेसारखी कोरडी निघाली. हवालदार गुडघ्यावर बसून हातांनी एकेक मूळ मोकळं करत होते आणि ओरडत होते, "हळू! नस हाय ती!" संध्याकाळी पहिलं पाणी सोडलं. जमीन ते गटागट प्यायली आणि सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या.

पण झाड काही लगेच बोलेना. पावसाळा गेला, शेंडा वाळकाच. हवालदार वखारीत आले की आधी कोपऱ्यातल्या त्या फांदीकडे जायचे. मी धीर सुटल्यासारखं काही म्हटलं की उसळायचे, "पेशंट म्हातारं हाय, ताई. त्याला घाई करायची न्हाई." आणि थंडीत एका सकाळी फोन आला, हवालदार गेले. सगळ्यांना वाटायचं हा माणूस कधी तरी झाडावरून पडून जाणार. ते गेले घरी, खाटेवर, छातीत कळ येऊन. मी वखार बंद केली आणि ओंडक्यावर बसून पोटभर रडले. मिस्त्रीनं विचारलं, कोपऱ्यातलं लाकूड काढायचं का? मी त्याच्या अंगावर खेकसले.

चैत्र सरत आला होता. फाटकापाशी कोणी तरी "ताई! ताई!" करून ओरडायला लागलं. बघते तर सुभेदारतात्या, एसटीनं एकटेच आलेले, फेटा सुटलेला, हात वर धरून. हातात कोवळी डहाळी होती. "शेंड्याचं हाय," ते धापा टाकत म्हणाले. "पोराला चढवून आनाया लावलं." माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी एक पान खुडलं, माझा हात ओढला आणि देठ तळव्यावर टेकवला. पांढरा थेंब. "चीक हाय!" तात्या नाचायचे तेवढे बाकी होते. मी मात्र नाचले. मिस्त्रीदेखत.

मग त्यांनी ती फांदी मागितली. "बैल करायचा. डिस्चार्ज झाला न्हवं?"

"कोण करणार? तुम्ही कधी छिन्नी धरलीय का, तात्या?"

"सिमीट तरी कवा धरलं हुतं?"

बेंदराला मी त्यांच्या गावी गेले. तात्यांचा बैल तयार होता. लाकूड भुसभुशीत, त्यात हात नवखा. एक शिंग अर्ध्यातच तुटलेलं, पाय चारही वेगळ्या उंचीचे. कोणी हसलं नाही. जिथं फरशी होती तिथं आता मऊ माती आणि पालापाचोळा होता. बैल तिथं बुंध्यापाशी ठेवायचा होता. तात्यांनी टाचा जुळवल्या आणि वर बघून खणखणीत विचारलं, "आत येऊ का?"

पावसानं उघडीप दिली होती आणि वारा अगदी पडला होता. सगळं गाव माना वर करून उभं. कोवळा शेंडा ढिम्म. बऱ्याच वेळानं मी हळूच म्हटलं, "तात्या, पान काही हलत नाही."

तात्यांनी वरची नजर काढली नाही. बैल छातीशी धरून म्हणाले, "मग तवर चा प्यायचा."