रडवीवरचं सिमेंट

आमच्या कंपनीत त्यांना सगळे बूचकाका म्हणत. तेलाची विहीर आटली की ती तशीच उघडी टाकता येत नाही; खालचा वायू वर यायला वाट शोधत राहतो. म्हणून विहिरीच्या पोलादी नळात खोलवर पातळ कालवलेलं सिमेंट सोडायचं, ते घट्ट झालं की वर झाकण वेल्ड करायचं आणि माती लोटायची. काकांनी जन्मभर हेच काम केलं. निवृत्तीनंतरही ते अधूनमधून चक्कर मारत आणि भांडारात चहा पीत बसत.

काकांच्या टोळीची एक रीत होती. विहिरीत सिमेंट सोडताना त्यातलंच पेलाभर बाजूला काढून ठेवायचं. पेल्यातलं घट्ट झालं म्हणजे खालचंही झालं, असा हिशेब. काका तो पेला कानाशी धरून पान्यानं ठोकत. आवाज खणखणीत आला की म्हणत, "झोपली." त्या एका शब्दावर माणसं सामान आवरून घरी जात. काकांनी झोपवलेल्या विहिरीला परत जाग आल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

सगळ्यांत हट्टी निघाली ती रडवी. तिच्या नळातून वायू सतत सूं-सूं करायचा, म्हणून टोळीनं ठेवलेलं हे नाव. काकांनी तिला झोपवलं तेव्हा आसपास नुसतं माळरान होतं. पुढं वस्ती सरकत आली, प्लॉट पडले. रडवीलगतचा प्लॉट कोणी घेईना. काकांनी आपल्या लेकीला आणि जावयाला तोच घ्यायला लावला. "बूच माझ्या हातचं आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" घर उभं राहिलं. जमीन उतरती, त्यामुळे मागची खोली पायऱ्या उतरून जाण्याची. अंथरुणाला खिळलेल्या विहीणबाईंची खाट तिथंच टाकली होती. ती खोली गार राहते म्हणून.

दरम्यान कंपनीनं त्या जुन्या क्षेत्रात जमिनीखाली कार्बन डायऑक्साइड दाबानं सोडायला सुरुवात केली होती. खडकात अडकून राहिलेलं तेल त्यानं पुढं सरकतं. बरीच वर्षं ते चाललं. मग रडवीच्या शेजारची एक बंद विहीर पुन्हा उघडायची ठरली आणि तिच्यातून काकांच्या सिमेंटचा एक तुकडा वर आला. काकांना कौतुकानं बोलावणं गेलं.

तुकडा प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला होता. काकांनी सवयीनं पाना काढला आणि ठोकला. स्वच्छ आवाज आला.

"ऐका! माझे गुडघे वाजायला लागले, पण हा बघा कसा वाजतोय."

"वाजणारच, काका," प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या. "वाजतंय ते साल आहे."

"बाई, सिमेंट आहे ते. कलिंगड नव्हे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तुकडा मधोमध फोडला आणि त्यावर बाटलीतलं औषध फवारलं. "निरोगी सिमेंट यानं गुलाबी होतं," त्या म्हणाल्या. मध्यभागी नाण्याएवढा ठिपका गुलाबी झाला. भोवतालचं सगळं राखाडीच राहिलं. काका वाट बघत राहिले. ठिपका मोठा झाला नाही.

"हा वायू पाण्यात विरला की पाणी आंबट होतं, सोड्याच्या बाटलीतल्यासारखं. ते सिमेंटमधला चुना खातं. आधी वर दगडासारखा थर धरतो, म्हणून आवाज चांगला येतो. पाणी जागच्या जागी राहिलं तर तो थर आतलं सिमेंट वाचवतोसुद्धा. पण नळ आणि सिमेंट यांच्यात फट असली आणि पाणी खेळतं राहिलं, तर तो थरही धुऊन जातो." बाईंनी तुकडा फिरवला. "मग उरतं ते हे."

नळाकडच्या बाजूला काकांनी अंगठा टेकवला. ओल्या खडूत जावं तसं नख आत गेलं.

"पण पेल्यातलं तर..."

"पेला वर होता, काका. मोकळ्या हवेत. त्याला हे पाणी कधी भेटलंच नाही."

"आणि रडवीचं?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू? सिमेंट तेच, वायूही तोच."

रडवी उघडायची तर यंत्राला जागा हवी, म्हणजे लेकीचं निम्मं घर पाडावं लागणार. काकांनी त्याच दिवशी साहेबांना गाठून सांगितलं, "पाडा." साहेब म्हणाले, "बघू. वर विचारावं लागेल." काका तडक लेकीकडे गेले.

"विहीणबाईंना वरच्या मजल्यावर हलव. तो वायू जड असतो, खोलगट जागी साचतो. वास नाही, रंग नाही. माणसाला कळायच्या आत माणूस जातो."

लेक भडकली. "बाबा, जागा तुम्हीच घ्यायला लावलीत ना? आता घर पाडायलाही तुम्हीच सांगून आलात?"

जावई म्हणाला, "सासरेबुवांचं बूच निघालं, आता आपलं छप्पर निघणार."

आतून विहीणबाईंचा आवाज आला, "मला हलवायला चौघं लागतात. आले की एकदमच न्या!"

कोणी हललं नाही. मग काका रोज संध्याकाळी साबणाचं पाणी घेऊन येऊ लागले. झाकणाभोवतालच्या मातीवर ते ओतायचे आणि उकिडवे बसून बघत राहायचे. शेजारी येताजाता विचारायचे, "काका, धुणं काढलंत का?" लेक दारातून बघायची आणि आत निघून जायची. काही दिवसांनी ती आत जाईनाशी झाली. उंबऱ्यातच उभी राहायची. विहीणबाईंचं डोकं हल्ली सकाळी ठणकतं, हे तिनं काकांना सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती चहा घेऊन मागे आली, तेव्हा काका मान वर करेनात. मातीवर एक फुगा धरला होता. तो फुटला. त्याच जागी दुसरा आला, मग त्याच्याशेजारी आणखी. आवाज अजिबात नव्हता. रडवी या वेळी रडत नव्हती.

"बाबा," लेक म्हणाली, "सासूबाई झोपल्यात."

काकांनी कप तिच्या हातातून घेतला नाही. ते तसेच धावले. दोघांनी आधी खिडकी-दारं सताड उघडली, मग श्वास रोखून खाली उतरले आणि चादरीसकट विहीणबाईंना उचललं. पायऱ्यांवर काकांचा गुडघा लचकला, पण हात सुटला नाही. रस्त्यावर मोकळ्या वाऱ्यात विहीणबाईंनी बऱ्याच वेळानं डोळे उघडले.

"मला उचलायला दोघंच पुरतात होय?" त्या पुटपुटल्या. लेक हुंदके देऊ लागली.

गल्ली गोळा झाली. काका ओरडून सांगत होते, उताराकडे जाऊ नका, खालच्या खोल्या रिकाम्या करा. समोरच्या घराचा मालक जवळ आला. त्याच्या परसातही तसंच एक गंजकं झाकण होतं; त्यावर त्यानं कुंड्या मांडल्या होत्या.

"काका, आमची कोणी बुजवली?"

"मीच."

माणूस वळून आपल्या मुलांना हाका मारत घराकडे पळाला.