मऊ आवाजातलं कॉल सेंटर

“मंगलवार को आना. मं-गल-वार. अब आप बोलो, कब आओगे?”

मालती रिसीव्हरमध्ये ओरडत होती आणि नवे साहेब तिच्या मागे उभे होते. तिने फोन ठेवेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, “मॅडम, बीच में टेलीफोन लगा है न? फिर सीधे मिल तक क्यों सुना रही हैं?”

“मिल तो बंद हो गई, सर,” मालती म्हणाली. “आदमी वही हैं.”

मी दवाखान्याच्या त्या फोन-कक्षाची सुपरवायझर होते. इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी कामगारांचा सरकारी दवाखान्यातल्या उपचारांचा हक्क काही काळ चालू होता. कोणता डॉक्टर कधी येणार, कोणतं औषध आलं, हे लोक आम्हाला फोनवर विचारत. तीन फोन, तीन बायका, एक पंखा. साहेब आले आणि दारावर ‘कॉल सेंटर’ अशी पाटी लागली. पंखा तोच राहिला.

साहेब बंगळूरला ट्रेनिंग घेऊन आले होते. त्यांनी आम्हाला ‘हँडलिंग टाइम’ शिकवला, म्हणजे एका कॉलला लागणारा वेळ. तो जितका कमी, तितकी सेवा चांगली. आमचा भलताच जास्त होता. कारण मालती प्रत्येकाकडून सांगितलेलं परत वदवून घ्यायची. साहेबांनी ते बंद केलं. “ये पाठशाला नहीं है.” आवाज मऊ हवा, सुरुवातीला नमस्कार, शेवटी धन्यवाद. पलीकडच्याने आपणहून फोन ठेवला तर रिपोर्टात लिहायचं, समाधान झालं.

मालतीला जड गेलं. “ताई, असं बोलायला लागले की मला वाटतं, कुणाच्या तरी मयताला आलेय,” ती मला म्हणाली. पण शिकली. कक्षात शांतता आली. कॉल आटोपशीर झाले. समाधान तर इतकं वाढलं की भोपाळहून पाहुणे बघायला आले. त्यांनी चहा घेतला, शांततेचं कौतुक केलं. पितळी मानचिन्ह मिळालं, ते कॉरिडॉरमध्ये लावलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाबूराव मोरे एका दुपारी बायकोचा हात धरून आले. मल्हारगंजात राहत, आयुष्यभर गिरणीत मागावर काम केलेलं. एक डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. दुसऱ्यातला दाब वाढलेला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची असते. बाहेरगावचे सर्जन आमच्याकडे अधूनमधून येत, आणि त्यांच्या ऑपरेशनच्या यादीत बाबूरावांचं नाव लागलं होतं.

“आज ऑपरेशन आहे ना?” त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं.

सर्जन मागच्या आठवड्यात येऊन गेले होते. ठरलेली तारीख आठवडाभर आधी ओढली गेली होती.

“बाबूराव, तुम्ही फोन नाही केला?” मी विचारलं.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. बायकोने त्यांच्यासमोर तोंड नेऊन प्रश्न परत केला, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून.

“केला ना. दोनदा केला, चौकातल्या पीसीओवरून,” ते म्हणाले.

“मग काय सांगितलं?”

“आता काय सांगू बाई. काही समजलंच नाही. पहले वाली बाई अच्छी थी, साफ बोलायची. ही बहुत धीरे बोलते. मागे लाइन लागलेली. किती वेळा क्या-क्या करणार? अच्छा-अच्छा म्हटलं आणि ठेवून दिला.”

मालती शेजारच्या खुर्चीवरच होती. पहिली बाई तीच होती, आणि आत्ताचीही तीच.

मागखात्यात शंभर माग एकदम चालतात. तिथे माणसं ओठ बघून आणि हातवारे करून बोलतात, आणि दहा-पंधरा वर्षांत कान जातात. इंदुरात हे कुणाला माहीत नाही? आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मालती म्हणूनच ओरडायची. सेवा सुधारण्याच्या गडबडीत ते कुणाच्या तोंडून निघालंच नाही.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. “लेकिन ये कॉल तो सॅटिस्फाइड में हैं,” ते म्हणाले.

“जी सर. दोनों.”

मग त्यांनी स्वतः फोन लावून सर्जनना लवकर बोलावायचा प्रयत्न केला. पलीकडून त्यांना अत्यंत मऊ आवाजात नकार मिळाला.

पुढच्या खेपेला ऑपरेशन झालं. चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले. पण तोवर डोळ्यात उजेड-अंधार कळण्यापुरतीच नजर उरली होती, आणि तेवढीच राहिली.

साहेबांची बदली झाली, बढतीवर. जाण्याआधी आवाजाचा नियम त्यांनीच काढून टाकला, पण लेखी नाही. मालती पुन्हा ओरडू लागली, पुन्हा वदवून घेऊ लागली. हँडलिंग टाइम बिघडला. मानचिन्ह परत मागायला कुणी आलं नाही.

सेवेचा दर्जा मोजायला माझी ना नाही. फक्त पलीकडे कोण बसलंय, ते आधी आठवावं.

बाबूराव थेंबांच्या औषधासाठी येत राहिले. आता ओठ दिसत नव्हते. बायको त्यांच्या कानाला तोंड लावून सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं ओरडायची, आणि ते दर वेळी म्हणायचे, “अच्छा, अच्छा.” त्यांना खरंच कळलंय की नाही, हे बघायला मालती उठून जायची.