कोपऱ्यातला अंगठा

माणसाला नाव कशाला लागतं, हे आमच्या साडूंना जन्मात कळलं नाही. मी त्यांच्या सख्ख्या मेव्हणीचा नवरा, पण चारचौघांत माझी ओळख ते "निळा स्वेटर, डावीकडे भांग" अशी करून देत. भाईंदर पश्चिमेला एकाच बिल्डिंगमध्ये पंधरा वर्षं राहून त्यांना एका शेजाऱ्याचं आडनाव सांगता येत नव्हतं. कोणाच्या दारावरचं तोरण कोणत्या दिवाळीत बदललं, ते मात्र तोंडपाठ. वाण्याकडे गेले तरी "भैया, वो पीला डब्बा, उसपे लाल गोल" असंच मागायचे, आणि वाणी मुकाट्याने बरोबर डबा काढून द्यायचा.

फोटोंचा नाद दांडगा, हात मात्र बेताचा. कॅमेरा धरताना डावा अंगठा हमखास भिंगापुढे यायचा, त्यामुळे प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक गुलाबी ढग. लग्न असो, बारसं असो, मंडईतली भाजी असो, ढग ठरलेला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणि स्कॅनर घरी आणला आणि नातेवाइकांकडून आपणच काढलेल्या फोटोंचे अल्बम जप्त करायला सुरुवात केली. "फोटो शोधायला नाव-तारीख हवीच कशाला, साडूभाऊ? एक फोटो दाखवायचा, मशीन तसलाच दुसरा काढून देईल." रंग आणि नक्षी मोजणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतःच लिहिला होता. तीन हजार फोटो आत गेले, जेवणाचं टेबलही त्या कामी गेलं, आणि त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, मांडीवर ताट घेऊन जेवू लागली.

पहिला प्रयोग सासूबाईंच्या वाढदिवशी, सगळ्यांसमोर झाला. हिरव्या नऊवारीतला त्यांचा फोटो मशीनला दाखवला. मशीनने बराच विचार केला आणि मंडईतला कोबीचा ढीग काढून दिला. "रंग बरोबर आहे की नाही, बघा," साडू म्हणाले. सासूबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्यांच्याकडे भाईंदरच्याच किनाऱ्यावरच्या पाली गावाहून सिसिलीमावशी मासळी घेऊन यायची. तिचा नवरा वारला होता. लग्नातला एकुलता एक फोटो खाऱ्या हवेने खाल्लेला, आणि पुढच्या महिन्यात चर्चमध्ये त्याच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना. एके दिवशी पाटी उतरवून ती म्हणाली, "सायेब, तुमी आमच्या गावात येऊन यवढं फोटू काढता. त्यात आमचा मानूस कुठं हाय का बगा ना."

"दिसायला कसे होते?"

"चांगला होता," मावशी म्हणाली.

साडूंनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "शर्ट कुठला घालायचे?"

दुसऱ्या दिवशी मावशीने तो शर्ट आणला. पिवळा, त्यावर तपकिरी चौकडी. साडूंनी तो स्कॅनरच्या काचेवर अंथरला. मेव्हणीने उदबत्ती लावली, ती भक्तीने नव्हे, बोंबलाच्या वासामुळे. मशीनने आधी आमचे पडदे काढले, मग बिस्किटांची बशी, मग सर्कशीतला वाघ. मावशीने वाघाकडे नीट निरखून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "न्हाय, ह्यो न्हाय." मला हसू आवरेना, पण साडू हसले नाहीत. ते घामाघूम झाले होते. स्वतःच्या बायकोचा वाढदिवस विसरणारा हा माणूस त्यानंतरचे दोन रविवार तो शर्ट समोर ठेवून प्रोग्रॅम दुरुस्त करत बसला.

तिसऱ्या रविवारी मावशीला बोलावणं गेलं. पडद्यावर पालीचा किनारा होता. वाळत घातलेल्या बोंबलांपाशी माझी बायको नाक दाबून उभी, आणि तिच्यामागे चौकडीच्या शर्टातला एक माणूस, मांडीवर जाळं घेऊन तिला हसतोय. मावशीने पडद्यावर बोट ठेवलं. "हसतोय," एवढंच म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत राहिली.

तो फोटो मोठा करायला मावशीला घेऊन स्टुडिओत गेलो तेव्हा मी शहाणपणाने सुचवलं, "कोपऱ्यातला अंगठा कापून टाका."

"नको कापू," मावशी म्हणाली. "सायबाचा हाय. र्‍हाऊ दे."

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेले तेव्हा भिंतीवर लावायला आम्ही त्यांचा फोटो शोधला. तीन हजार फोटोंत ते एकाही ठिकाणी नव्हते. कॅमेरा सदा त्यांच्याच हातात. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, टपालाच्या तिकिटाएवढा फोटो मोठा करून लावला. त्यात ते मुळीच ओळखू येत नाहीत.

मला त्यांची फार आठवण येते. आली की मी पालीला मावशीकडे जातो. ती चहा टाकते आणि मी भिंतीकडे तोंड करून बसतो. तिचा नवरा अजून तसाच हसत असतो, आणि खाली कोपऱ्यात आमचे साडू असतात.