रमण मेस्त्रींची बर्लिनची भिंत

ओमानमध्ये रमण मेस्त्रींनी आजवर जे जे उभं केलं, ते ते अजून उभं आहे. मत्रहच्या बाजारातली अत्तरांची कपाटं, निझव्यातल्या एका दवाखान्याचं काउंटर, माबेल्यातल्या त्यांच्या भाड्याच्या घरातला पोटमाळा. हा माळा काढून टाका म्हणून घरमालक सांगून सांगून थकला आणि शेवटी त्यानेच आपलं जुनं सामान त्यावर आणून ठेवलं. मेस्त्री कुणाकडे चहाला गेले की आधी टेबलावर तळहात टेकवून ते हलवून बघतात. टेबल डगमगलं, तर खोकणाऱ्या पेशंटकडे डॉक्टरने बघावं तसे ते यजमानाकडे बघतात.

अशा माणसाला महाराष्ट्र मंडळाने पडणारी भिंत बनवायला सांगितली.

सांगणाऱ्या होत्या वसुंधराताई. पुण्याच्या, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिका आणि रशिया यांनी युरोपचे दोन तुकडे कसे केले, यावर त्यांनी मुलांचं नाटक लिहिलं होतं. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दरवर्षी कोळीनृत्य असायचं, त्यामुळे ही बातमी ऐकून अर्धी समिती आजारी पडली. पण ताई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. नाटकातली बर्लिनची मुलगी होणार होती तेजश्री, मेस्त्रींची लेक. घरातली मालवणी आणि बाहेरची मराठी तिला सगळी समजे, पण बोलताना ती ओल्या फरशीवरून चालल्यासारखी बोले. तरी ही भूमिका तिने स्वतः हात वर करून मागितली होती. मेस्त्रींना त्याचंच अप्रूप होतं.

"रमणभाऊ, भिंत दिसायला खरी हवी," ताई वर्कशॉपमध्ये येऊन म्हणाल्या, "आणि शेवटी दोरी ओढली की धाडकन पडली पाहिजे."

"पडली पाहिजे?"

"पडलीच पाहिजे. नाटक त्यावर आहे."

मेस्त्रींनी रंधा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पण ताई, मूळची बांधली कोणी?"

ताईंना वर्गात असे प्रश्न कुणी विचारत नसे. त्या स्टुलावर बसल्याच. "युद्ध संपलं तेव्हा पूर्वेकडून रशियाचं सैन्य आत आलं होतं आणि पश्चिमेकडून अमेरिका आणि तिचे दोस्त. शत्रू संपला आणि मग कळलं, यांचं एकमेकांशीच पटत नाही. जिथे ज्याचं सैन्य, तिथे त्याचा शब्द. पोलंड, हंगेरी रशियाकडे. फ्रान्स, इटली अमेरिकेकडे. जर्मनी मधोमध चिरला आणि बर्लिन शहर पूर्वेच्या पोटात असूनही तेही चिरलं."

"म्हणजे गोडाऊन एक आणि मालक, आपले अर्बाब, दोन."

"अगदी. आणि एका अर्बाबाची माणसं दुसऱ्याकडे पळायला लागली. लाखांनी. म्हणून एकसष्ट साली एका रात्रीत तारा ओढल्या, मग भिंत घातली."

"गवंडी कुठले?"

"पूर्वेकडचेच. मागे बंदूकवाले उभे."

"ज्याची बहीण पलीकडे राहायची, त्यानेही बांधली असणार."

"असेल की."

"मग त्याने मुद्दाम कच्ची बांधली असणार."

"पहिली ओबडधोबडच होती म्हणतात. पुढे ती पुन्हा पुन्हा सुधारून भक्कम केली."

हे ऐकून मेस्त्रींना बर्लिनच्या माणसांबद्दल वाईट वाटलं आणि भिंतीबद्दल बरं वाटलं.

मग कामाला असा जोर चढला की विचारू नका. प्लायवूड, सागाच्या पट्ट्या, वर सिमेंटच्या रंगाचा हात. त्यांच्याबरोबर काम करणारा यूनुस भिंतीला खांदा लावून बघत म्हणाला, "रमणभाई, बर्लिन बोला था, आपने तो निझवा का किला बना दिया." मेस्त्रींनी हे स्तुती म्हणून घेतलं.

पहिल्या तालमीत दोरी ओढली आणि दोरी तुटली. भिंत होती तिथेच.

"बाबा, इट हॅज टू फॉल," घरी येताना गाडीत तेजश्री म्हणाली. "माझं लास्ट वाक्य तिथेच आहे. भिंत उभी आणि मी ती पडली म्हणून रडते? सगळे हसतील. मी परत कधीच मराठीत स्टेजवर नाही जाणार."

"अगो, पडतली. मी बघतंय."

लेकीचा आवाज ऐकून मेस्त्रींनी मन घट्ट केलं आणि भिंतीचे मधले तीन फळे नुसत्या खिट्टीवर उभे केले. दोरी ओढली की खिट्टी सुटणार आणि फळे मागे गाद्यांवर कोसळणार. पुढच्या तालमीत ते कोसळले. टाळ्या वाजल्या. मेस्त्री तेवढा वेळ तोंड फिरवून उभे होते.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. नाटक सुरू झालं आणि पहिल्या पाच मिनिटांत समितीचा आजार बरा झाला. कधीतरी मनालीला गेलेल्या कुटुंबांकडून आणलेले लोकरीचे कोट घालून रशिया घामाने निथळत होता. अमेरिका पुठ्ठ्याच्या टोप्यांत मिरवत होती. माबेल्याची मुलं रशियात घातली होती. माबेला शहराच्या पश्चिमेला असताना आमची मुलं पूर्वेत कशी, यावर एका आईने वसुंधराताईंशी तालमीत पाऊण तास शीतयुद्ध केलं होतं. दोन्ही महासत्ता एकेक फुगा आणत, तो दुसरीपेक्षा मोठा फुगवत, आणि हे आमचे अणुबॉम्ब म्हणून दाखवत. मध्ये उभा असलेला युरोप कान झाकून घेई. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते.

भिंतीमागच्या अंधारात मेस्त्री दोरी धरून उभे. तेवढ्यात रशियाचा एक गुटगुटीत सेनापती दमून भिंतीला टेकला आणि मधला फळा हलला.

मेस्त्रींनी मागून खांद्याने फळा रेटून धरला. आत्ताच पडली तर सेनापतीही तिच्याबरोबर आडवा. त्यांचा हात आपोआप खिशात गेला, स्क्रू निघाले, तिन्ही फळे चौकटीला पक्के झाले, ड्रिल लोकांच्या हशात कुणाला ऐकू आलं नाही. शेवटच्या प्रवेशाआधी काढू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

पण शेवटच्या प्रवेशाआधी तेजश्री बोलत होती. भिंतीपलीकडच्या बहिणीला, म्हणजे ते काम करणाऱ्या यशश्रीला, हाका मारत होती, तिच्या लग्नाला जाता आलं नाही म्हणून. एकही शब्द अडखळला नाही. मेस्त्री फटीतून बघत राहिले, डोळे पुसत राहिले आणि स्क्रू जिथल्या तिथे राहिले.

इशारा झाला. त्यांनी दोरी ओढली. खिट्टी सुटली. भिंतीने पापणीही हलवली नाही.

त्यांनी पुन्हा ओढली आणि मग त्यांना आठवलं.

 मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. फटीतून मेस्त्रींना लेकीचा चेहरा दिसला आणि आपलं काम पडताना ज्याला बघवत नसे, तो माणूस ड्रिल घेऊन सरळ रंगमंचावर आला. निळा शर्ट, कानाला पेन्सिल. प्रेक्षकांना नमस्कार केला आणि भिंतीला भिडला.

तेजश्रीने बापाकडे बघितलं, मग लोकांकडे. तिचं उरलेलं एकच वाक्य भिंत पडल्यावरचं होतं.

"हा माणूस भिंत काढतो आहे," ती म्हणाली. "वेळ लागेल. कारण याने... कारण भिंत खूप चांगली बांधलेली आहे."

हॉल फुटला. त्या हशाने तिला धीर आला.

"खरं पण असंच झालं," ती पुढे म्हणाली. "नोव्हेंबर होता. टीव्हीवर एक साहेब बोलले, लोकांना पलीकडे जायची परमिशन आहे. कुणी विचारलं, कधीपासून. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाले, आत्तापासून. मग सगळे लोक गेटवर आले. गेटवरच्या पोलिसांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते बिचारे कन्फ्यूज. त्यांनी गेट उघडलं. मग लोक हातोड्या घेऊन आले. कुणी मोठ्या देशाने नाही पाडली भिंत. साध्या लोकांनी पाडली. बाबा, अजून किती?"

"दोन इस्क्रू," मेस्त्री पाठमोरे म्हणाले.

"दोन स्क्रू राहिले," तिने हॉलला सांगितलं, आणि हॉल तिच्याबरोबर मोजू लागला. विंगेत वसुंधराताई संहिता छातीशी धरून उड्या मारत होत्या.

शेवटचा स्क्रू निघाला. मेस्त्रींनी तिसरा फळाही दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला. पलीकडे यशश्री उभी होती, असं झालं तर काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, ती नुसती उभी.

"ताई, ये," तेजश्री म्हणाली. "बाबांनी काढली."

यशश्री धावली. तिच्यामागून लोकरीचे कोट, पुठ्ठ्याच्या टोप्या, अमेरिका, रशिया, युरोप, सगळे त्या भगदाडातून इकडून तिकडे सुटले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मधोमध फळा छातीशी धरून मेस्त्री ओरडत होते,

"सावकाश रे बाबांनो, खाली इस्क्रू आसत."