भांडी नंतर घास

डायलिसिस सेंटरला स्वतःचा एक वास असतो. मशीनच्या नळ्या ज्या रसायनाने धुतात, त्याचा तो व्हिनेगरसारखा आंबट, नाकाच्या शेंड्याला चावणारा वास. त्या सकाळी त्यात नाल्याच्या पाण्याचा कुजका, गोडसर वास मिसळला होता. मी जिन्याच्या पायरीवर उभी होते. खाली, नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या सेंटरमध्ये, रुग्णांच्या चपलांचा रॅक पाण्यावर संथपणे गोल फिरत होता.

मी या सेंटरची ऑपरेशन्स मॅनेजर. डॉक्टर नाही, नर्सही नाही. सेंटर रोज वेळेवर उघडावं आणि काहीही झालं तरी बंद पडू नये, हे पाहणं माझं काम. या ‘काहीही झालं तरी’साठी एक प्लॅन असतो. त्याला बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन म्हणतात. आम्ही नुसतंच बीसीपी म्हणत असू. आग लागली, पूर आला, वीज गेली, तर कोणी काय करायचं, कुठे जायचं, कोणाला फोन करायचा, हे त्यात शांत डोक्याने आधीच ठरवून ठेवायचं. आमचा बीसीपी मी एकटीने तयार केला होता. त्याची भाषा सगळ्यांना आवडली होती. मलाही.

दुकान पाणी ओसरेपर्यंत बंद ठेवता येतं. डायलिसिस ठेवता येत नाही. मूत्रपिंड थांबलेल्या माणसाचं रक्त मशीनमधून फिरवून स्वच्छ करावं लागतं. त्यासाठी शुद्ध पाणी लागतं, एका वेळेस शंभराहून अधिक लिटर. ते देणारा आरओ प्लांट तळमजल्यावर होता आणि आता दिसतही नव्हता.

सकाळचा पहिला नंबर खापा गावच्या एका काकांचा होता. पुतण्याच्या साखरपुड्यापायी त्यांनी आदली वेळ चुकवली होती आणि ते सक्करदऱ्याला मुलीकडे येऊन राहिले होते. मुलीचा फोन आला. “मॅडम, बाबांना आडवं होताच येत नाहीये. बसूनच आहेत रात्रभर. छातीत घरघर वाजून राहिली.” म्हणजे फुफ्फुसात पाणी भरत होतं. काकांना लवकरात लवकर मशीनवर घेणं भाग होतं.

प्लॅनमध्ये उत्तर होतं. शहराच्या पश्चिमेला, चढावर, आमचं दुसरं लहान सेंटर आहे. ते दुपारीच चालतं; सकाळी मशीन रिकामी असतात. तिथे एक टेक्निशियन न्यायचा, आरओ सुरू करायचा, रुग्ण अ‍ॅम्ब्युलन्सने हलवायचे. कोणत्या टेक्निशियनला आधी बोलवायचं, तेही मी ठरवलं होतं. शहराचा नकाशा टेबलावर पसरून, मुलाच्या कंपासचं टोक नंदनवनच्या सेंटरवर रोवून मी वर्तुळं काढली होती. सर्वांत लहान वर्तुळात वंदना मेश्रामचं घर येत होतं, सेंटरच्या मागच्याच वस्तीत. म्हणून पहिलं नाव तिचं.

मी तिला फोन लावला.

“वंदना, कुठे आहेस?”

“घरीच आहो मॅडम.”

“सेंटरमध्ये पाणी शिरलंय. प्लॅनप्रमाणे तू पहिली. मेन रोडला ये, अ‍ॅम्ब्युलन्स तिथून घेईल.”

“मॅडम, मले थोडा वेळ...”

तिच्या मागे भांडी वाजत होती. स्टीलवर स्टील, मध्येच पितळेचा जाड ठोका. मी एकेकाळची मराठी कवितेची विद्यार्थिनी. आवाजांतला फरक आपल्याला कळतो, अशी माझी समजूत होती. मी म्हणाले, “वंदना, भांडी नंतर घास. काकांना श्वास घेता येत नाहीये.”

ती म्हणाली, “येतो मॅडम.”

ती भांडी घासत नव्हती. भांडी तिच्या घरात तरंगत होती, आणि पाण्यावर एकमेकांवर आदळत होती. कमरेला लागेल एवढं पाणी होतं. तिची आई, जिला आधाराशिवाय उभं राहता येत नाही, पलंगावर ठेवलेल्या टेबलावर बसली होती. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घेण्यासाठी एक प्रश्न पुरेसा होता, आणि तो मी विचारला नाही.

वंदना आली. छातीपर्यंत भिजलेली, अनवाणी. त्या दिवशी भिजलेले सगळेच होते. चप्पल वाहून गेली असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि तिला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घेतलं. आत काका उशांना टेकून बसले होते. ओठ निळसर झाले होते, पण जीभ शाबूत होती.

“वंदने, कन्हान नदीच अंगावर घेऊन आली का वं?”

“तुम्ही नका बोलू काका. तुम्हाले पाणी कमी प्यायले सांगतलं होतं न? अवघं नागपूर पाण्यात बुडून राहिलं, अन् तुम्ही आतून.”

काका हसले, खोकले, आणि त्यांच्या मुलीने वंदनाकडे अशा नजरेने पाहिलं की मला अभिमान वाटला. वंदनाचा नाही. प्लॅनचा.

तिने आरओ सुरू केला, पाण्याची तपासणी केली आणि काकांना मशीनवर घेतलं. काही वेळाने ती माझ्याजवळ आली. “मॅडम, एक फोन करून घेऊ का?” मशीनच्या हॉलमध्ये फोनला बंदी आहे आणि सेशन चालू असताना टेक्निशियनने हॉल सोडायचा नसतो. दोन्ही नियम योग्य आहेत. मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिने फोन ओल्या खिशात परत ठेवला.

दुपारपर्यंत काका आडवे झोपू शकत होते. सकाळच्या पाळीतला एकही रुग्ण परत गेला नाही. डॉक्टरसाहेब, म्हणजे आमच्या दोन्ही सेंटरचे मालक, स्वतः आले. “मॅडम, मानलं तुम्हाला! बाकीची हॉस्पिटलं फोनच करत बसली.” त्यांनी सगळ्यांचा फोटो काढवला. मी मधोमध उभी आहे. वंदना कडेला, फोन कानाला लावलेला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसाठी पेढे मागवले होते. तिचा पुडा घेऊन मीच निघाले. गल्लीत चिखलाचा आणि भिजलेल्या कापसाचा जड वास होता. गाद्या भिंतींवर उभ्या वाळत होत्या. वंदना फरशीवरचा गाळ पाटीत भरत होती. आई शेजाऱ्यांच्या खुर्चीवर बसली होती. तिने मला नखशिखांत पाहिलं.

“तुम्हीच का मॅडम?”

“आई, राहू दे न,” वंदना म्हणाली.

“काहून राहू देऊ? तुमचा फोन आला तवा मी टेबलावर बसली होती बाई. म्या म्हटलं तिले, सांग न मॅडमले, घरात पाणी हाय. तर म्हणे, त्याईच्या प्लॅनमध्ये पह्यलं नाव माहंच हाय. मले शेजारच्या पोराईनं उचलून स्लॅबवर नेलं. दिवसभर तिथंच होती पावसात. ही कुठं मेली का जगली, मले काय मालूम? दुपारपर्यंत फोन नाही, काही नाही.”

तेवढ्यात वंदनाने गाळातली भांडी उचलून एकावर एक ठेवली. स्टीलवर स्टील, मग पितळेचा ठोका. मी पेढ्यांचा पुडा कुठे ठेवावा, हे मला कळेना. कोरडी जागाच नव्हती.

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“सांगून राहिली होती मॅडम,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या आठवड्यात मी नकाशा पुन्हा पसरला. आमचा दुसरा टेक्निशियन, प्रफुल्ल, पश्चिमेच्या सेंटरपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. त्या सकाळी तो घरी होता, कोरडा, चहा पीत. त्याला कोणी फोन केला नाही, कारण माझ्या वर्तुळात तो सर्वांत बाहेर होता. कंपासचं टोक मी रोवलं होतं ते बुडणाऱ्या जागेवर. नाल्याने तेच वर्तुळ गिरवलं. जवळ राहणारा माणूस सर्वांत लवकर पोहोचतो, हा हिशेब बरोबर आहे. संकट त्याच्याकडे त्याहून लवकर पोहोचलेलं असतं, एवढंच मी धरलं नव्हतं.

डॉक्टरसाहेब म्हणाले, “चाललेला प्लॅन कशाला बदलता?” तेव्हा मी त्यांना भांड्यांचं सांगितलं. पेढे वाटले गेले त्या दिवशी सांगायला हवं होतं. तेव्हा मी कौतुक ऐकत बसले होते. ते म्हणाले, “बदला.”

आता आमच्या बीसीपीत फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: घरी सगळे सुखरूप आहेत का? त्याचं उत्तर येईपर्यंत पुढचं वाक्य बोलायचं नाही. आणि ज्याचं नाव घालायचं, त्याला आधी विचारायचं.

म्हणून मी वंदनालाही विचारलं. ती मशीनच्या नळ्या धूत होती. मी म्हणाले, “तेव्हा तुला न विचारता तुझं नाव पहिलं घातलं होतं. आता विचारते. ठेवू का?”

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

“खोडा.”