गजऱ्यात झाकलेलं यंत्र

पुतणी कॉलेजात असताना मोठं आजारपण आलं आणि तिला ऐकू येईनासं झालं. मग ऑपरेशन करून कानामागे हाडात छोटं यंत्र बसवलं. त्यावर बाहेरून एक गोल चकती लोहचुंबकाने चिकटते. आता फोन आला की आवाज थेट तिच्या डोक्यात. मिक्सर सुरू असताना मी फोनवर "काय? काय?" करत ओरडते, ही निवांत गप्पा मारते. घरात सगळ्यांना त्या यंत्राचं भारी कौतुक. मात्र मंगळवेढ्याचे पाहुणे तिला बघायला येणार म्हटल्यावर आमचं कौतुक एकदम पातळ झालं.

"आधी पसंती होऊ दे, मग सांगू," मी म्हणाले.

"काकू, मला लपवायचं नाही."

मी कसली ऐकतेय! चकती झाकेल असा भरघोस गजरा मीच माळला, वर लोखंडी आकडे खुपसले. लोहचुंबकाशेजारी लोखंड! आणि म्हणे मी शाळेत विज्ञान शिकवते.

पोह्यांचा ट्रे ठेवायला पुतणी वाकली आणि चकती सरकून आकड्यांना चिकटली.

"नोकरी कुटं करती गं?" मुलाच्या आईने विचारलं.

पुतणी गोड हसली.

"सैपाक येतो का?"

पुन्हा हसू. त्या बाई नवऱ्याकडे बघू लागल्या.

आता हे लपणार नाही, हे पुतणीच्या लक्षात आलं. तिने सरळ गजरा उपसला, चकती सोडवून जागेवर लावली. "आता विचारा. हे नसलं की मला ऐकू येत नाही. काकूंनी झाकलं होतं."

मला पोह्यांच्या पातेल्यात शिरावंसं वाटलं.

"झोपताना बी लावायचं?" मुलाच्या आईने हळूच विचारलं.

"नाही, काढून ठेवते. मग कुणी कितीही घोरू दे."

"अगं बाई! मला का न्हाय मिळालं असलं? ह्याचा बाप लई घोरतो, अन् ह्यो बी तसलाच." सगळे हसले, पण त्यांचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. "पन लोक इचारतील की."

"विचारू दे की, आई," मुलगा म्हणाला. मग पुतणीकडे वळून, "कुठल्या बाजूनं बोललं तर नीट ऐकू येतं?"

"उजव्या."

तिच्या उजवीकडे मी बसले होते. मी मुकाट्याने खुर्ची रिकामी केली.